तीन पायऱ्या, चार खाती

सरकारी कचेरीत जाताना माणसाने इस्त्रीचा शर्ट घालावा की बिनइस्त्रीचा, हा प्रश्न मला आयुष्यात फार उशिरा पडला. इस्त्रीचा घातला तर ‘याला कसली घाई आहे, खाऊनपिऊन सुखी दिसतोय’ असं वाटून काम मागे पडतं. बिनइस्त्रीचा घातला तर शिपाई बाकावरसुद्धा बसू देत नाही. मी त्या दिवसांत दोन्ही करून पाहिलं. एकदा तर वर इस्त्रीचा शर्ट आणि खाली बिनइस्त्रीची पँट असा मधला मार्गही काढला. उपयोग शून्य. पण ते पुढे येईलच. आधी उताराचं सांगतो.

आमच्या घराच्या दारात तीन पायऱ्या आहेत. बांधणाऱ्याचं त्या दिवशी घरी कशावरून वाजलं होतं कोण जाणे, पण एकेक पायरी चांगली गुडघाभर उंच आहे. इतकी वर्षं आम्ही त्या चढलो-उतरलो आणि घरात कुणालाच त्यांच्याविषयी काही मत नव्हतं. मग आई न्हाणीघरात घसरली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी तिला चाकांच्या खुर्चीत बसवून घरी पाठवलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं, की आपण तळमजल्यावर राहत असलो तरी जमिनीवर राहत नाही.

आई बँकेत कॅशियर होती. निवृत्त झाल्यापासून तिचा नेम एकच. संध्याकाळ झाली की रस्ता ओलांडायचा, समोरच्या शिवणकाकूंकडे जायचं आणि दिवे लागेपर्यंत रमी खेळायची. शिवणकाकू म्हणजे सगळ्या गल्लीचे कपडे शिवता शिवता ज्यांचे गुडघे गेले, त्या. त्यांचा एक गुडघा बदललेला आहे आणि दुसरा बदलायला त्यांचा साफ नकार आहे. म्हणजे काकू रस्ता ओलांडून इकडे येऊ शकत नव्हत्या, आई पायऱ्या उतरून तिकडे जाऊ शकत नव्हती, आणि खेळ बंद ठेवायला दोघींपैकी एकही तयार नव्हती.

मग त्या आपापल्या खिडकीत बसून खेळायला लागल्या. पत्ते वाटायचे मी. आईला तेरा देऊन रस्ता ओलांडायचा, काकूंना तेरा द्यायचे आणि उरलेली गड्डी ताटात घेऊन रस्त्याच्या मधोमध उभं राहायचं. आईने ‘ओढ रे!’ म्हटलं की वरचा पत्ता ओढून तिच्याकडे धावायचं, ती टाकेल तो काकूंना नेऊन दाखवायचा, त्यांना नको असला तर परत मध्ये येऊन ताटात उलटा ठेवायचा, की सुलटा, यावर दोन्ही खिडक्यांतून भांडण ऐकायचं. एका स्कूटरवाल्याने थांबून मला विचारलं, की हा कोणत्या खात्याचा सर्व्हे चालू आहे. मी विमा कंपनीत वरिष्ठ पदावर आहे हो! लोकांचे दावे तपासून ‘हे आमच्या नियमात बसत नाही’ असं नम्रपणे लिहिणं हे माझं काम. ऑफिसातला कुणी त्या वेळी तिथून गेला नाही, एवढंच नशीब.

“ती चोरते आहे,” आई रोज म्हणायची.

“कशावरून?”

“जिंकते आहे ना रोज! समोर बसून खेळली असती तर एक डाव घेऊ दिला नसता मी तिला.”

अशातच बातमी आली, की काकूंची मुलगी त्यांना कायमचं आपल्या गावी घेऊन जाणार. महिनाअखेरीला. घर विकायला काढलंय. आईने ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाली, “जाण्याआधी एकदा समोरासमोर बसून तिला रंगेहाथ पकडायचं आहे मला. बास.” पण त्या दिवशी जेवताना तिने भाजीला नावं ठेवली नाहीत, आणि आमच्या घरात ही गोष्ट साधी नाही. मला फार वाईट वाटलं. बायकोनेही माझ्याकडे पाहिलं.

उचलून नेण्याचा प्रयोग आम्ही करून चुकलो होतो. त्या वेळी खुर्चीची पुढची बाजू मी धरली होती आणि मागची पोटकलमांनी. पोटकलम म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरचे गृहस्थ. सरकारी कचेरीतून अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. पण कचेरी त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. बोलताना त्यांना दर वाक्यात एक कलम आणि त्याच्या पोटात एक पोटकलम लागतं, म्हणून गल्लीने ठेवलेलं हे नाव. तर दुसऱ्या पायरीवर त्यांना एक मुद्दा आठवला आणि तो बोटांवर मोजून दाखवायला त्यांनी एक हात सोडला. आई वाचली, कारण माझा पाय खाली सापडला. “मी काय कपाट आहे का?” एवढंच म्हणून आईने त्यानंतर स्वतःला उचलू दिलं नाही.

“अहो, त्यात काय एवढं?” बायको म्हणाली. “रविवारी गवंड्याला बोलवा आणि पायऱ्यांवर एक उतार बांधून घ्या. खुर्ची घरंगळत खाली, संपलं!”

हे पोटकलमांनी जिन्यातून ऐकलं आणि ते तसेच खाली आले. “वहिनी, असं करून चालत नाही! उताराचं टोक फुटपाथवर येणार. फुटपाथ कोणाचा? शासनाचा. शासन म्हणजे कोण? खाती. आता खात्याला अधिकार कुठून येतो? कायद्यातून. कायद्याने दिला तेवढाच अधिकार, त्याच्याबाहेर खात्याने केलेली गोष्ट ही झालेलीच नसते. म्हणून आधी बघायचं, की परवानगी द्यायचा अधिकार कोणाला. ज्याला अधिकार नाही त्याची परवानगी घेतलीत, तर ती परवानगी नव्हेच.”

“मग ते काय असतं?” मी विचारलं.

“काहीच नसतं.”

“पण सही-शिक्का असेल ना त्याच्यावर?”

“असेल ना. पण ते नसेल.”

सगळं माझ्या डोक्यावरून गेलं. तरी मी पडलो कायद्याला भिणारा माणूस. रिकाम्या रस्त्यावरसुद्धा मी सिग्नलला थांबतो, आणि मागचे लोक मला काय म्हणतात ते इथे लिहिता येणार नाही. तेव्हा बायकोकडे न बघता मी म्हणालो, “रीतसर करू.”

पालिकेत पहिल्यांदा गेलो तो इमारत खात्यात. तिथले साहेब सज्जन दिसले. त्यांच्या नाकाला बारमाही सर्दी आणि हातात कायम रुमाल, म्हणून मनातल्या मनात मी त्यांना रुमालसाहेब म्हणायला लागलो. त्यांनी माझा कागद दोनदा वाचला. “इमारत म्हणजे जिला भिंत किंवा छप्पर आहे ती,” ते म्हणाले. “तुमच्या उताराला छप्पर आहे का?”

“नाही.”

“भिंत?”

“उताराला भिंत कशी असेल साहेब?”

“मग आमच्याकडे कसे आलात?” त्यांनी अगदी मनापासून विचारलं, आणि मला रस्ते खात्यात धाडलं.

रस्ते खात्यातल्या बाई म्हणाल्या, फुटपाथचा वरचा थर आमचा हे खरं, पण खालून गटार गेलंय ना तुमच्याकडे, म्हणजे वजन त्याच्यावर येणार, म्हणजे गटार खातं. गटार खात्यातले बुवा म्हणाले, तुम्ही खणणार आहात का? नाही म्हटल्यावर त्यांचा माझ्यातला रस संपला. खणणार असाल तर या, नाहीतर पहिल्यांदा इमारत खात्याचा ना हरकत दाखला आणा. इमारत खात्याला हवा होता रस्ते खात्याचा, आणि रस्तेवाल्या बाईंना गटाराचा. त्या इमारतीचा जिना मी इतक्या वेळा चढलो-उतरलो, की आमच्या तीन पायऱ्या मला सपाट वाटायला लागल्या.

शेवटी मी रुमालसाहेबांसमोर हात जोडले. “साहेब, सरळ नाही म्हणा. मी आईला तसं सांगतो.”

त्यांना फार अवघडल्यासारखं झालं. “आम्ही नाही कसं म्हणणार? नाही म्हणायलासुद्धा अधिकार लागतो. आमच्याकडे तोही नाही,” असं म्हणून ते शिंकले.

घरी येऊन मी ओसरीवर मटकन बसलो. पोटकलमांनी सगळी हकीकत ऐकली आणि त्यांचा चेहरा उजळला. “म्हणजे परवानगी द्यायचा अधिकार कोणालाच नाही. मग मनाई करायचा तरी कोणाला असणार? बांधा!”

“मी पहिल्या दिवशी हेच म्हणाले होते,” बायको आतून म्हणाली.

“तुमचं म्हणणं बरोबर होतं वहिनी, पण त्याला आधार नव्हता.”

गवंडी रविवारी सकाळी आला आणि जेवायच्या आत त्याने उतार उभा केला. आधी फळ्यांचा, मापासाठी. आईला बसवण्यापूर्वी खुर्ची कुणीतरी तपासून पाहणं भाग होतं, आणि ‘घरातला कर्ता पुरुष’ हे शब्द आमच्या घरात एरवी कधी निघत नाहीत, ते नेमके त्या वेळी निघाले. मी बसलो. पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. फळ्या खडखडल्या, गवंडी ‘धरा, धरा!’ म्हणाला, शिवणकाकूंच्या खिडकीतून ‘अगं बाई!’ असा आवाज आला आणि फुटपाथवरच्या दिव्याच्या खांबाला मी समोरासमोर भेटलो. नाकावर बर्फ धरून मी उठलो, तेव्हा गवंडी खांबाकडे बघून मान हलवत होता. “उतार जास्त उभा झाला,” तो म्हणाला. “लांबवायला लागेल.”

लांबवायचा तर मध्ये खांब. म्हणून मग उतार दारातून निघाला, खांबापाशी आला, त्याला वळसा घालून भिंतीच्या कडेने गेला आणि पुढे फुटपाथला टेकला. सिमेंट घातलं. कडेला नळीचा कठडाही बसवला. दिसायला झकास झाला! गवंड्याने बजावलं, की आठवडाभर यावर काही चालवू नका, वाळू द्या. महिनाअखेरीला अजून अवकाश होता. आई खिडकीतून काकूंना ओरडून म्हणाली, “आता बघतेच तुला!” काकूंनी तिकडून अंगठा दाखवला.

सिमेंट वाळायच्या आत चार नोटिसा आल्या. हो, चार. ज्यांचा माझ्या उताराशी काडीचा संबंध नव्हता त्या तिन्ही खात्यांचा आता त्याच्यावर हक्क होता, आणि खांबामुळे दिवाबत्ती खातं फुकटात वाढलं होतं. इमारत खातं म्हणत होतं, की नळीचा कठडा ही भिंत आहे, सबब हे विनापरवाना बांधकाम, पाडा. रस्ते खातं म्हणत होतं, अतिक्रमण आहे, ताबडतोब पाडा. गटार खातं म्हणत होतं, की खालच्या गटाराला धोका आहे, म्हणून आमच्या लेखी परवानगीशिवाय पाडू नका. दिवाबत्ती खात्याचं म्हणणं एवढंच, की आता आमचा माणूस शिडी कुठे लावणार ते कळवा. आणि चौघांचं एका गोष्टीवर एकमत होतं: निर्णय होईपर्यंत उताराचा वापर करू नये.

मी त्या नोटिसा टेबलावर शेजारी शेजारी मांडल्या आणि नुसता बघत बसलो. पाडला तर एक गुन्हा, नाही पाडला तर दुसरा! अर्धा पाडावा का, असंही माझ्या मनात येऊन गेलं. माझी पाचावर धारण बसली होती, त्यामुळे मी उताराच्या तोंडाशी एक दोरी बांधली.

आईने दोरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “ही कुणी बांधली?”

“मी. आई, अगं, कायद्याने...”

“तुला लहानपणी मी जरा जास्तच धाक घातला,” ती म्हणाली आणि खुर्ची वळवून आत गेली. खुर्चीचं चाक उंबऱ्याला दोनदा आपटलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पोटकलमांना मात्र दहा वर्षांनी तरुण झाल्यासारखं वाटत होतं. त्यांनी चारी खात्यांना एकच प्रश्न लिहून पाठवला: ‘कोणत्या कलमाखाली?’ रस्त्यांनी तो गटाराकडे पाठवला, गटाराने दिवाबत्तीकडे, आणि तिथे तो शिडीच्या प्रश्नात अडकून पडला. इमारत खात्याने तेवढं कलम कळवलं आणि सुनावणीला बोलावलं. पोटकलम मला समजावत होते, “कुणाच्याही विरुद्ध आदेश काढण्याआधी त्याचं म्हणणं ऐकून घ्यावंच लागतं. नैसर्गिक न्याय आहे तो! मोठा आधार आहे माणसाला.”

सुनावणी रुमालसाहेबांपुढेच होती. त्यांनी खरोखरच ऐकून घेतलं. मी आईचा खुबा सांगितला, पायऱ्या सांगितल्या, काकूंच्या बदललेल्या आणि न बदललेल्या अशा दोन्ही गुडघ्यांची हकीकत सांगितली, खांबावर आपटलेलं नाकही दाखवलं. मध्ये एकदा त्यांनी डोळ्यांना रुमाल लावला. सर्दी असेल, पण मला बरं वाटलं. “फार चांगलं मांडलंत,” ते म्हणाले, आणि खण उघडून त्यांनी टाइप केलेला आदेश माझ्या हातात ठेवला. उतार पाडावा. तारीख कालची होती.

“साहेब, हा कालच तयार होता?”

“टायपिस्ट आज रजेवर आहे ना,” ते ओशाळून म्हणाले. “पण तुम्ही अपील करा. वरच्या मजल्यावर अपील अधिकारी बसतात. माझं ऐकाल तर आजच करा.”

अपिलाची तारीख लागली ती नेमकी काकू जाण्याच्या आदल्या दिवसाची. समोर त्यांच्या दारात खोकी बांधून ठेवलेली दिसत होती. शिलाई मशीन कुणीतरी सकाळीच उचलून नेलं होतं. आई खिडकीतून तिकडे बघत होती आणि पत्त्यांचा जोड हातात नुसता पिसत होती. मी इस्त्रीचा शर्ट घातला. पोटकलम बरोबर यायला दारात तयारच होते. निघताना आई म्हणाली, “नाही जमलं तर राहू दे रे. मी इथूनच तिला हात करीन.” हे ती इतक्या शहाण्यासारखं म्हणाली, की मी चपला उलट्या पायांत घातल्या. आईने आरडाओरडा केलेला मला चालतो.

वरच्या मजल्यावरचं दार ढकललं आणि मी जागच्या जागी थांबलो. मोठ्या खुर्चीत रुमालसाहेब बसले होते.

“माफ करा,” मी म्हणालो, “मजला चुकला वाटतं.”

“नाही, नाही, या. इथले अधिकारी बदलून गेले. नवे येईपर्यंत अतिरिक्त कार्यभार माझ्याकडे आहे. बसा. काय काम होतं?”

“साहेब, अपील. त्या उताराचं. तुम्हाला माहीतच आहे.”

“मला नाही. खाली मी इमारत अधिकारी होतो, त्याला माहीत असेल. इथे मी अपील अधिकारी आहे. मला पहिल्यापासून सांगा.”

मी पोटकलमांकडे बघितलं. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. ते माझ्या कानाशी लागले. “हरकत घ्या! स्वतःच्याच आदेशावरचं अपील माणूस स्वतः ऐकू शकत नाही. कायद्याची बाराखडी आहे ही! आत्ता हरकत घेतलीत की ही सुनावणी इथल्या इथे बाद.”

“मग?”

“मग नवे अधिकारी आले की नव्याने सुनावणी.”

“ते कधी येणार?”

“त्याला मुदत नाही. पण तत्त्वाचा प्रश्न आहे!”

आयुष्यभर मी तत्त्वाच्याच बाजूला उभा राहिलेला माणूस. रिकाम्या रस्त्यावर सिग्नलला थांबणारा. पण माझ्या डोळ्यांपुढे ती खोकी होती आणि उद्या सकाळी येणारी गाडी होती. पोटकलमांनी तोंड उघडलं, तसा मी त्यांचा हात टेबलाखाली गच्च धरला. “एक शब्द बोललात,” मी दातांतल्या दातांत म्हणालो, “तर आईला तुम्ही दुसऱ्या पायरीवर सोडलं होतंत, ते मी गल्लीभर सांगेन.” मी असं कुणालाही आजवर बोललो नव्हतो. पोटकलमांनी तोंड मिटलं.

मी पहिल्यापासून सांगितलं. रुमालसाहेबांनी परत तितक्याच आस्थेने ऐकलं, आणि त्याच जागी डोळ्यांना रुमाल लावला. मग त्यांनी खालचा आदेश मागवून वाचला. वाचता वाचता त्यांच्या कपाळाला आठ्या पडत गेल्या.

“कुणी काढला हा आदेश?”

“खालच्या... साहेबांनी.”

“आदेशाची तारीख सुनावणीच्या आदल्या दिवसाची? आणि नळीच्या कठड्याला भिंत म्हणतात? यात सारासार विचार कुठे आहे?” त्यांचा आवाज चढला. शिपायाने दारातून डोकावून पाहिलं. “माणसाने खुर्चीवर बसून अशी कामं करायची? मी हा आदेश रद्द करतो. उताराचा वापर चालू करायला हरकत नाही. संबंधित अधिकाऱ्याला समज देण्यात यावी!” हे सगळं त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, सही केली आणि शिक्का उठवला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “पण याची प्रत खालच्या कार्यालयात पोचल्याशिवाय वापर नको हं. चला, मी तिकडेच निघालोय.”

आम्ही तिघे जिना उतरलो. वरून निघताना ते ताठ होते. मधल्या वळणावर खांदे पडले. खालच्या खोलीत आल्यावर ते आपल्या लहान खुर्चीत बसले, माझ्या हातून प्रत घेतली, ‘मिळाली’ असा शिक्का मारला आणि वाचायला लागले. बराच वेळ वाचत होते. शेवटी रुमालाने नाक पुसून हळूच म्हणाले, “एवढं बोलायची गरज नव्हती.”

“साहेब,” मी म्हणालो, “ते वरचे साहेब तसे मनाने चांगले आहेत.”

“असतील,” ते म्हणाले. “पण आमच्याही काही अडचणी असतात.” मला त्यांची खरोखर दया आली. मी हात पुढे केला, त्यांनी तो धरला. पोटकलम दारात भिंतीला टेकून उभे होते आणि कुठल्याही कलमाचं नाव घेत नव्हते.

घरी पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. मी पहिल्यांदा दोरी सोडली. बायकोने खुर्ची धरली, मी पुढे उलटा चालत राहिलो, आणि आई दारातून निघून, खांबाला वळसा घालून, कठड्याला हात लावत, एकदाही न ओरडता फुटपाथवर उतरली. रस्ता ओलांडला. काकूंच्या दाराशी गेलो आणि पाहतो तो काय, त्यांच्याही दाराला एक पायरी! इतकी वर्षं मी ती कधी पाहिलीच नव्हती.

“तिथेच थांब गं,” काकू आतून म्हणाल्या. खुर्च्यांना धरत धरत त्या दारापर्यंत आल्या, आणि मग माझ्या खांद्यावर सगळा भार टाकून ती एक पायरी उतरल्या. बायकोने एक रिकामं खोकं फुटपाथवर आणून उलटं ठेवलं आणि त्याच्यावर चादर घातली. दोघी समोरासमोर बसल्या. आईने पत्ते वाटले.

दुसरा डाव चालू असताना एक गृहस्थ हातात वही घेऊन आले. “हे फुटपाथवर काय मांडलंय? परवानगी आहे का?”

मी उभा राहिलो. छातीत धडधडत होतं, पण शर्ट इस्त्रीचा होता. “आपण कोणत्या खात्याचे?”

“रस्ते.”

“खालून गटार गेलंय,” मी म्हणालो. “आणि खोक्याला भिंती चार आहेत, वर छप्परही आहे. तुम्हाला विचारायचा अधिकार आहे का, ते आधी पाहून येता?”

त्यांनी खोक्याकडे पाहिलं, फुटपाथकडे पाहिलं, वही उघडली आणि मिटली. “विचारून येतो,” म्हणून ते गेले. मी त्या दिवशी फार उंच झालो होतो. पण दोघींपैकी एकीनेही मान वर करून पाहिलं नाही.

दिवे लागायची वेळ झाली. आई हरत होती. मी काकूंच्या मागेच उभा होतो, म्हणून मला स्वच्छ दिसलं. काकूंनी पदर सारखा केला आणि त्या निमित्ताने एक पत्ता अलगद पदराखाली सरकवला, मग दुसराच हातात आला. इतके दिवस आई म्हणत होती ते शब्दशः खरं होतं! मी आईकडे पाहिलं. आई थेट त्या पदराकडेच बघत होती. तिची नजर कॅशियरची होती, तिच्यातून आजवर खोटी नोट सुटलेली नाही. तिने पाहिलं, शांतपणे पुढचा पत्ता ओढला आणि काकूंना लागणारा नेमका तोच खाली टाकला.

मला राहवलं नाही. “आई, अगं, काकूंनी आत्ता...”

“गप्प बस,” आई पत्त्यांवरून नजर न हलवता म्हणाली. “तुला कुणी अधिकार दिला?”